टायर नवा कोरा, पण 'वॉल' जुनाच? स्पोर्ट बाइकसाठी टायरचा व्हॉल्व्ह कसा निवडायचा

केटीएम आरसी 390 असो, यामाहा आर15 असो की कावासाकी निन्जा, टायर बदलायची वेळ आली की चर्चा होते ती कंपनीची, ग्रिपची आणि किमतीची. रेडियल घ्यायचा की साधा, यावर ग्रुपवर दोन दिवस वाद चालतो. ज्या तोटीतून त्या टायरमध्ये हवा जाते, ती मात्र रिमवर जुनीच राहते.

पंक्चरच्या दुकानात तिला 'वॉल' म्हणतात. ट्यूबच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. वॉल ट्यूबलाच जोडलेला असायचा, ट्यूब बदलली की तोही नवा यायचा. ट्यूबलेसमध्ये तो रिमच्या भोकात बसतो. टायर गेला तरी तो तिथेच. बदलायचा असेल तर आपणच सांगावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रबराने काय होणार? तर टायरमध्ये खिळा घुसला की बहुतेक वेळा तो खिळाच भोक धरून ठेवतो आणि हवा हळूहळू जाते. वॉल बुडातून फाटला तर तसं काही नसतं. काही सेकंदांत टायर बसतो, आणि पुढचा टायर वळणावर बसला तर सावरायला वेळच मिळत नाही.

वेगाचा इथे मोठा हात आहे. चाक फिरताना वॉलवर बाहेरच्या दिशेने, म्हणजे टायरकडे जोर येतो. 17 इंची रिमच्या बाइकवर ताशी 80 किमीला हा जोर वॉलच्या टोकाशी वजनाच्या साधारण 90 पट असतो. ट्रॅकवर 120 गाठलं की 200 पट. म्हणजे हवेचा दाब दाखवणारं 10 ग्रॅमचं सेन्सरवालं टोपण लावलं असेल, तर 120 ला ते दोन किलोच्या वजनासारखं वॉलला ओढतं. अशी टोपणं लांब रबरी वॉलवर लावूच नयेत. एलईडीवाली टोपणंही त्याच रांगेतली!

दुसरी गंमत म्हणजे, वॉलच्या आतली पिन ज्या दिशेला दाबल्यावर उघडते, त्याच दिशेला हा जोर असतो. स्प्रिंग थकलेली असेल तर वेगात थोडी थोडी हवा निसटू शकते. आत रबरी वॉशर असलेलं टोपण अशा वेळी दुसरं कुलूप ठरतं. टोपण फक्त धुळीसाठी असतं हा समज सोडून द्या.

आता निवडायचं काय? आधी रिमचं भोक बघा. बाइकच्या रिमला साधारण 11.3 किंवा 8.3 मिमीचं भोक असतं. ओढून बसवायचा रबरी वॉल 11.3 साठी असतो, आणि त्यात टीआर412 हा आखूड नंबर बाइकला बरा. टीआर413 त्याहून लांब, तो मुख्यतः कारचा. दुकानदाराकडे तोच पडलेला असतो म्हणून तोच बसवला जातो, हा खरा घोळ.

रबरी वॉल स्वस्त आणि चांगलाही असतो, पण जुना होतो. 2006 मध्ये चीनमध्ये बनलेले काही टीआर413 वॉल 2008 मध्ये अमेरिकेत परत मागवावे लागले होते, कारण हवेतल्या ओझोनमुळे त्यांच्या रबराला भेगा पडत होत्या. त्यात आपल्याकडची हवा भरायची पद्धत! डिस्क आड येते, नोझल सरळ बसत नाही, मग वॉल वाकवून भरतात. दर वेळी ताण येतो तो बुडावर, आणि भेगही तिथेच पडते.

म्हणूनच बरेच जण काटकोनात वळलेला, नटने आवळायचा धातूचा वॉल घेतात. सोय उत्तम, वेगातही वाकत नाही. पण लाल-निळा रंग बघून कुठलाही उचलू नका. हलक्या प्रतीच्या ॲल्युमिनियमचे वॉल आट्यांपाशी तुटतात. भोकाचं माप, सीलचं रबर आणि नट नीट बघा, आणि नट आवळताना पान्याला जोर लावू देऊ नका. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर आणखी एक. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या वॉलमध्ये साधी पितळी पिन किंवा वर पितळी टोपण जाम होतं आणि काढताना वॉलच तुटतो. तिथे निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि वॉशरवालं प्लास्टिकचं टोपण घ्यावं.

सध्याचा वॉल तपासायला मिनिटभर पुरतं. अंगठ्याने हलकेच बाजूला कलवा आणि बुडाशी भेगा दिसतात का ते बघा. दिसल्या तर लांबच्या राइडआधी बदलाच. तोंडाशी आणि बुडाशी साबणाचं पाणी लावा. तोंडाशी बुडबुडे आले तर बहुधा पिन बदलून भागतं, बुडाशी आले तर वॉल काढावा लागतो. त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो, म्हणून नवा टायर टाकतानाच वॉल बदललेला परवडतो. काटकोनी वॉल बसवल्यावर मात्र चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, तो ब्रेकच्या कॅलिपरला घासत तर नाही ना.