दलालीचा हिशेब

दलाल हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि वाटेत कुठेतरी त्याची अब्रू गेली. मुंबईचा शेअर बाजार ज्या रस्त्यावर उभा आहे त्याला दलाल स्ट्रीट म्हणताना कुणी कचरत नाही, पण माणसाला दलाल म्हटले की ती शिवी होते. बाजार समितीतला अडत्या असो की जमिनीचे सौदे जुळवणारा एजंट, ‘स्वतःचे काही न घालता मधल्या मधे खातो’ ही तक्रार ठरलेलीच. अमांडा स्टेव्हली या ब्रिटिश उद्योजिकेने आखाती राजघराण्यांचा पैसा इंग्लंडच्या बँकांत आणि फुटबॉल क्लबांत आणला. त्यांची कारकीर्द पाहिली की या तक्रारीचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आणि दुसरा खोटा वाटू लागतो. मध्यस्थ स्वतःचे भांडवल क्वचितच घालतो. पण तो फुकटही खात नाही. आणि सौदा बिनसला की भांडवल नसण्याची सगळी किंमत त्यालाच मोजावी लागते.

स्टेव्हली यॉर्कशरमधल्या जमीनदार घराण्यातल्या. केंब्रिजमध्ये भाषांचे शिक्षण अर्धवट सोडून १९९६ मध्ये त्यांनी कर्ज काढले आणि जवळच्या बॉटिशम गावी रेस्टॉरंट उघडले. हे गाव न्यूमार्केटच्या वाटेवर आहे, आणि न्यूमार्केट ही इंग्लंडच्या घोडदौडीची पंढरी. दुबईच्या राजघराण्याचे गोडॉल्फिन तबेले तिथेच. त्या वर्तुळातली माणसे जेवायला येत आणि ओळखी वाढत गेल्या. यावर कुणी म्हणेल की घराणे चांगले, जागा मोक्याची, मग यात कर्तृत्व कसले? पण न्यूमार्केटच्या आसपास खानावळी पुष्कळ होत्या. त्यांतून अब्जावधींचे सौदे निघाले नाहीत. ओळख नशिबाने होते, ती टिकते विश्वासावर. नाही तर त्यांच्या मध्यस्थीने दुबईच्या गुंतवणूक कंपनीने लिव्हरपूल क्लब घेण्यासाठी केलेला प्रयत्न फसला, तेव्हाच स्टेव्हलींचे दुकान बंद झाले असते.

ते झाले नाही. सप्टेंबर २००८ मध्ये थायलंडचे माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा यांच्याकडचा मँचेस्टर सिटी क्लब अबू धाबीच्या शेख मन्सूर यांच्याकडे गेला, त्या सौद्यात स्टेव्हली होत्या. त्याच महिन्यात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळली. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि लॉइड्स यांना सरकारी पैसा घ्यावा लागला. बार्कलेजला तो नको होता. सरकार मालक झाले की बोनसपासून लाभांशापर्यंत सगळ्यावर त्याची नजर राहते. बँकेने बाहेरून सुमारे ७०० कोटी पौंड उभे केले, त्यात ३५० कोटींची गुंतवणूक शेख मन्सूर यांच्या नावे, स्टेव्हली यांच्या पीसीपी कॅपिटल पार्टनर्समार्फत. जगभर कुणी कुणाला उधार द्यायला तयार नसताना काही आठवड्यांत एवढी रक्कम जुळवायची, तर देणाऱ्याला घेणाऱ्याचे आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचे हमीपत्र कुणीतरी व्हावे लागते. दलालीचे मोल असते ते इथे, नुसत्या गाठ घालून देण्यात नव्हे.

याच व्यवहाराने त्यांना न्यायालयात नेले. त्याच फेरीत कतारही पैसा घालत होता. दोघांनाही सारख्याच अटी आहेत, असे बार्कलेजने पीसीपीला सांगितले होते. प्रत्यक्षात कतारला ‘सल्ल्याचे शुल्क’ या नावाखाली कोट्यवधी पौंड वेगळे मिळाले होते. स्टेव्हलींनी दावा लावला. सुनावणीत बँकेतले जुने संभाषण उघड झाले. त्यात त्यांच्या बुद्धीबद्दल आणि बाईपणाबद्दल इतके हलके शब्द होते की ते बोलणारा, तोवर ब्रिटिश बँकांच्या संघटनेचा प्रमुख झालेला अधिकारी, जून २०२० मध्ये पायउतार झाला. मध्यस्थाबद्दलचा आकस बाईच्या वाट्याला आला की त्याची भाषा कशी होते, ते यात दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला: बार्कलेजने गंभीर फसवणूक केली हे खरे, पण नुकसानभरपाई शून्य. कारण खरे कळले असते तरी पीसीपीला स्वतःच्या वाट्यासाठी लागणारे कर्ज उभे करता आले नसते, असे न्यायमूर्तींचे मत पडले. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. पण फसवणूक सिद्ध करूनही दलाल रिकाम्या हाताने घरी जाऊ शकतो, हे या निकालाने स्वच्छ दाखवले.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे: पैसा कुणाचा? ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूकॅसल युनायटेड क्लब सुमारे ३०.५ कोटी पौंडांना विकला गेला. ८० टक्के सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे, १० टक्के मुंबईत जन्मलेल्या रूबेन बंधूंच्या कुटुंबाकडे आणि १० टक्के पीसीपीकडे. सौदी पत्रकार जमाल खशोग्जी यांच्या हत्येनंतर सौदी राजवटीचा पैसा घेऊ नका, असे त्यांच्या वाग्दत्त वधूने जाहीरपणे सांगितले होते. मानवी हक्क संघटनाही विरोधात होत्या. शिवाय सौदीत होणारी कतारी वाहिनीच्या प्रक्षेपणाची चोरी आणि क्लबचा खरा मालक सौदी सरकारच की काय, या प्रश्नांवर सौदा दीड वर्ष रखडला, २०२० मध्ये मागेही घेतला गेला. तो तरीही तडीस नेला यात स्टेव्हलींची चिकाटी मोठी. पण म्हणूनच ‘मी फक्त दुवा’ हा बचाव त्यांना करता येत नाही. दोन टोके जोडल्याचे श्रेय ज्याचे, त्या टोकांबद्दलचा जाबही त्याचाच. पैसा तसाही कुठल्या तरी वाटेने आला असता, हे उत्तर मला लटके वाटते. तसे असते तर मध्यस्थाला मोबदला कशाचा?

न्यूकॅसलमध्ये त्या केवळ मध्यस्थ नव्हत्या, भागधारक आणि संचालकही होत्या. पण क्लबमध्ये सतत नवे भांडवल ओतायची ऐपत बड्या भागीदारांची. त्यांनी ते ओतले तसा पीसीपीचा हिस्सा आटत गेला. जुलै २०२४ मध्ये स्टेव्हली बाहेर पडल्या. पुढच्या मार्चमध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ ने हरवून न्यूकॅसलने लीग कप जिंकला. १९५५ नंतरचा क्लबचा हा पहिला मोठा देशांतर्गत करंडक.