नऊ कबरी आणि वर्षातले तीन दिवस

नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला सर्वसामान्यांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आम्हा शिक्षकांची पंचाईत अशी की नेमक्या याच तीन दिवशी शाळेत झेंडावंदन असतं. त्यामुळे अड्याळहून नागपूरला शंभरदा जाऊनही त्या टेकडीला आम्ही खालूनच सलाम करत आलो. यंदा १ मे रोजी मात्र ठरवलंच. झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाला, आणि बेगम व दोन्ही मुलांना घेऊन आम्ही भंडाऱ्याची एसटी पकडली. उन्हामुळे अम्मींना घरीच ठेवलं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "नौगजा बाबांना माझा सलाम सांगा."

अम्मींसाठी किल्ला म्हणजे नौगजा बाबा. भर शहरातली ती टेकडी लष्कराच्या ताब्यात आहे. स्टेशन जवळ, झिरो माईलचा खांब जवळ, आता मेट्रोही शेजारून जाते. पण फाटकातून आत गेलं की बाजाराचा गोंगाट एकदम मागे पडतो. वर मशीद आहे आणि तिथे नऊ कबरी. १८५७ साली नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना इंग्रजांनी याच किल्ल्याच्या तटावर फाशी दिली आणि त्यांना इथेच दफन केलं, असं सांगितलं जातं. आमच्याआधी बरीच कुटुंबं पोहोचली होती. कुणी चादर आणली होती, कुणी फातिहा पढत होतं. एक बाई लेकीच्या लग्नासाठी मन्नत मागत होत्या.

उर्दू शिकवणाऱ्याच्या कानाला 'नौगजा' हा शब्द खटकतो. नौगजा म्हणजे नऊ गज लांबीची कबर. अशा नावाची ठिकाणं देशात पुष्कळ आहेत. इथे तर कबरीच नऊ. मूळ शब्द 'नौ गाझी' असावा, नऊ लढवय्ये, आणि बोलता बोलता त्याचा नौगजा झाला असावा, असा आमचा आपला अंदाज. लढाई विसरली गेली आणि बाबा उरले. मन्नत मागणाऱ्यांशी आमचा वाद नाही, पण फाशी गेलेल्या माणसाकडे नुसतं मागत राहायचं आणि तो फाशी का गेला हे विचारायचंही नाही, हे मनाला पटत नाही.

आमची मुलगी आठवीतून नववीत गेली. म्हणाली, "अब्बा, आम्हाला मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी शिकवलं. नागपूर का नाही?" मग सावली शोधून बसलो आणि जेवढं वाचलं होतं तेवढं तिला सांगितलं.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. औरस पुत्र नव्हता. डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केलं. आपला भंडारा जिल्हाही त्याच राज्यात होता. भोसल्यांच्या राजवाड्यातले दागिने, हत्ती, घोडे विकले गेले. मेरठची बातमी आली तेव्हा नागपूरजवळ टाकळीला इंग्रजांचा एक घोडदळाचा रिसाला होता. त्यातले स्वार आणि शहरातले काही मुसलमान यांनी मिळून बेत केला. १३ जून १८५७ ची रात्र ठरली. शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडायचे, तोच इशारा. पायदळाला उठवायला दफेदार दिलदार खान गेला, आणि ज्या पहिल्या शिपायाशी बोलला त्यानेच त्याला धरून दिलं. इशारा झालाच नाही. पायदळ इंग्रजांकडे राहिलं. कामठीच्या छावणीतली मद्रासी फौजही तिकडेच होती. राजवाड्यातल्या बांकाबाईंनीही आपल्या माणसांना उठावापासून दूर राहायला बजावलं. मग फाशा सुरू झाल्या. कागदपत्रांत इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादर खान अशी नावं येतात. हे कादर खान म्हणजेच आपले कादर अली असावेत. त्यांना टिपू सुलतानांचे नातू म्हणतात. टिपूंच्या मुलांना इंग्रजांनी १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर कलकत्त्याला नेऊन ठेवलं होतं, त्यामुळे आम्हाला शंका वाटते. पण नातू नसतील तर त्यांचं मोल कमी होतं का?

मुलगा लहान, त्याला लढाई हवी होती. मग त्याला याच टेकडीवरची १८१७ ची लढाई सांगितली. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने इंग्रजांवर तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अरब शिपायांनी शेजारची लहान टेकडी जिंकली, पण ती टिकली नाही. डिसेंबरात आप्पासाहेब इंग्रजांच्या हाती गेल्यावरही अरब शहरात लढत राहिले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला, तो त्यांनी परतवला. ३० डिसेंबरला अटी ठरवूनच ते बाहेर पडले. महालातला आजचा गांधी गेट तोच हा दरवाजा. मुलगा त्याच्याखालून कितीदा तरी गेला आहे.

"म्हणजे आपले लोक जिंकले?" त्याने विचारलं.

"कुठले आपले?" मुलगी म्हणाली. तिचा प्रश्न रास्त होता. इंग्रजांच्या मद्रासी आणि बंगाली पलटणींतही मुसलमान होतेच. इकडे अरब लढत होते ते एका भोसले राजासाठी. दिलदार खानाला धरून देणारा शिपाई कुठल्या धर्माचा होता, हे तपासत बसण्यात आम्हाला रस नाही. त्यालाही पगारावर घर चालवायचं असेल.

पाण्याची बाटली संपली, ऊन मी म्हणत होतं. आम्ही फातिहा पढली. मुलीने वहीत नावं उतरवली: दिलदार, इनायतुल्ला, विलायत, कादर. फाटक बंद व्हायच्या आत आम्ही खाली उतरलो.

अड्याळला पोहोचेपर्यंत रात्र झाली. अम्मी जाग्याच होत्या. "सलाम सांगितला?" त्यांनी विचारलं. मुलीने वही उघडून नावं वाचून दाखवली. अम्मींनी ती दोनदा वाचायला लावली. मग हात उचलून दुआ मागितली, एकेक नाव घेऊन. चार नावं झाल्यावर त्या थांबल्या.

"आणि बाकीचे?"

मुलगी आमच्याकडे पाहत राहिली.