अभिरूप न्यायालयात अशिलाची भाषा कोण बोलणार?

एका विधी महाविद्यालयाच्या सभागृहात अभिरूप न्यायालय स्पर्धेची अंतिम फेरी ऐकण्यासाठी आम्ही नुकतेच शेवटच्या बाकावर जाऊन बसलो होतो. विद्यार्थी हिला नुसते ‘मूट’ म्हणतात. एक काल्पनिक खटला आधी हाती दिला जातो. दोन वक्ते आणि त्यांना निवाडे शोधून देणारा एक साथीदार असा संघ असतो. वादी आणि प्रतिवादी या दोन्ही बाजूंची लेखी निवेदने तयार ठेवावी लागतात, कारण कोणत्या फेरीत कोणाची बाजू वाट्याला येईल त्याचा नेम नाही. आणि समोर बसलेले न्यायाधीश दुसऱ्याच वाक्याला अडवतात. पाठ केलेले भाषण तिथेच कोसळते. खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतर.

त्या दिवशी खानापूर तालुक्यातली एक मुलगी अशीच अडवली गेली. मुद्दा तिला ठाऊक होता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. पण इंग्रजी वाक्य जुळेना. ‘मच ऑब्लाइज्ड’ म्हणून ती खाली बसली आणि तिचा संघ हरला. पुढे चहाच्या टेबलावर आम्ही तोच प्रश्न तिला मराठीत विचारला. पाच मिनिटांत तिने कलम, अपवाद आणि त्या अपवादाचे कारण असे सगळे उलगडून सांगितले. आमच्या शेजारी बसलेले एक जुने वकील चहा विसरून ऐकत राहिले.

इंग्रजीला आमचा विरोध नाही. राज्यघटनेच्या ३४८व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते आणि तिथे जायचे तर ती भाषा आलीच पाहिजे. अमेरिकेत १९६०मध्ये सुरू झालेली आणि पुढे न्यायमूर्ती फिलिप जेसप यांच्या नावाने जगभर गाजलेली आंतरराष्ट्रीय कायद्याची स्पर्धा बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाच्या मुलांनी १९९९मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये जिंकली. त्याचा अभिमान आपणही बाळगावा. पण विधी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी बहुतेक मुले काळा कोट चढवून जातात ती तालुक्याच्या कोर्टात. तिथे समोर असतो बांध कोरल्याची तक्रार घेऊन आलेला शेतकरी, नाहीतर वाटणीत डावललेली बहीण.

आणि हे अशील बोलतात ते शब्द कुठल्याही मूटमध्ये ऐकू येत नाहीत. ‘शेत आमच्या वहिवाटीला आहे, पण नावावर नाही’ असे एखादी म्हातारी सांगते, तेव्हा त्या ‘वहिवाटी’त कसणे आले, कब्जा आला, पिढ्यांची सवय आली. विजेत्या संघातल्या मुलाला आम्ही सहज विचारले, की हे तू न्यायाधीशांपुढे कसे मांडशील? तो ‘पझेशन’ म्हणाला आणि थांबला. मुलगा हुशार होता. त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता!

शब्दाच्या भाषांतरावर माणसाचे भवितव्य कसे लटकते, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांवरचा आरोप होता ‘केसरी’तल्या मराठी लेखांवरून. ज्यूरीत मात्र सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख त्यांच्यापुढे गेले ते इंग्रजी भाषांतरातून. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून अधिक काळ ते बोलले आणि त्या भाषांतरातल्या शब्दाशब्दाला त्यांनी हरकत घेतली. निर्णय सात विरुद्ध दोन असा गेला.

आता नियमांकडे पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला तीन अभिरूप खटले चालवावे लागतात. प्रत्येकाला दहा गुण, निम्मे लेखी निवेदनाला व निम्मे तोंडी युक्तिवादाला. शिवाय एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहायचा, त्याची टिपणे ठेवायची. अशिलाची मुलाखत कशी घेतात तेही वकिलाच्या कचेरीत पाहून वहीत नोंदवायचे. म्हणजे अशील अभ्यासक्रमात आहे. स्पर्धेत मात्र तो क्वचितच दिसतो. अशिलाशी बोलण्याच्या वेगळ्या स्पर्धा निघाल्या आहेत, पण आम्ही पाहिलेल्या एका स्पर्धेत अशील झालेली मुलेही सफाईदार इंग्रजीच बोलत होती. असे अशील आमच्या जिल्ह्यातल्या वकिलांना मिळोत!

त्याच कौन्सिलने २००६मध्ये ‘माय लॉर्ड’ची सक्ती नको असे ठरवले. उच्च न्यायालयात ‘युवर ऑनर’ पुरे, आणि कनिष्ठ न्यायालयात ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला त्या अर्थाचा शब्द चालेल. त्या सभागृहात तरी ‘लॉर्डशिप’ धूमधडाक्यात चालू होते.

आमचे म्हणणे एवढेच, की स्पर्धेची एखादी फेरी मराठीत आणि एक कन्नडमध्ये ठेवावी. नुसता युक्तिवाद नको, सरतपासणी आणि उलटतपासणीही हवी. साक्षीदाराच्या खुर्चीत विद्यार्थ्याऐवजी गावातला खराखुरा माणूस बसवावा, जो विचारलेले सोडून भलतेच सांगतो. आपल्या जिल्ह्यात तर ही निकडच आहे. कोर्टाची भाषा कन्नड, निवाडे इंग्रजीत, साक्षीदार मराठी. या तिन्हींत वावरणारा वकील घडायचा कुठे? आणि कन्नड फेरीत मराठी मुलांनीही उतरावे. अशिलाचे हित त्यातच आहे, भाषेचा मान त्याने कमी होत नाही. अडचण एकच सांगितली जाते, की परीक्षक मिळणार नाहीत. हे आम्हांला पटत नाही. बार असोसिएशनच्या खोलीत तीस-चाळीस वर्षे उलटतपासणी केलेली माणसे दुपारी बसलेली असतात. त्यांना कोणी बोलावले तर पाहिजे.

ती मुलगी साडेपाचच्या बसने खानापूरला परतली. निवेदनाच्या प्रती पिशवीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टिपणे घेण्यासाठी दिवाणी कोर्टात बसायचे होते. वाटणीचा दावा होता आणि साक्ष एका आजींची होती.