बंब काढायचा की ठेवायचा?

सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदा आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी जिन्याच्या तोंडाशी असलेलं कपाट उघडलं. आत छातीपर्यंत येणारी तांब्याची टाकी, तिच्या अवतीभवती लाकडी फळ्या, फळ्यांवर टॉवेल आणि एका कोपऱ्यात माझं इडलीचं पीठ. त्यांनी टाकीवर बोटानं टकटक केली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर बंब! याची चूल कुठंय?"

चूल खाली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली. आणि त्या जानेवारीत ती विझली होती. बॉयलर एकोणीस वर्षांचा, सुटा भाग मिळेना. बघायला आलेल्या माणसानं पाच मिनिटांत निकाल दिला: कॉम्बी बसवा, टाकी काढून टाका, कपाट मोकळं होईल. ब्रिटनमध्ये आज विकले जाणारे बहुतेक गॅस बॉयलर कॉम्बीच असतात, त्यामुळे त्याचं चुकलं असं नाही. फक्त त्यानं आमच्या घरात माणसं किती, हे विचारलं नाही.

टाकीचं काम सासूबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. बंबाच्या नरसाळ्यात गार पाण्याचा तांब्या ओतला की ते तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडतं. इथल्या जुन्या घरात ओतण्याचं काम माळ्यावरची गार पाण्याची टाकी करते. नळ सोडला की तिचं पाणी बंबाच्या तळाशी उतरतं आणि गरम पाणी वरून निघतं. बंब तापवायला आत नळीचं वेटोळं असतं, त्यातून बॉयलरचं पाणी फिरत राहतं. सगळा कारभार उताराचा, म्हणून गरम पाण्याची धार मरतुकडी. इंग्रजांच्या बेसिनला गार आणि गरम असे दोन वेगळे नळ का, याचं कोडंही इथंच सुटतं. गार पाणी थेट रस्त्यावरच्या लाइनचं, पिण्याजोगं. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून आलेलं, जिच्यात कधीकाळी कबुतर पडलेलं असू शकतं. दोन्हींची गाठ पडू नये अशीच व्यवस्था होती. हात भाजतात किंवा गारठतात, ते त्यामुळे.

कॉम्बीत हे काहीच नाही. पुण्या-नाशिकच्या बाल्कनीत टांगलेला गॅस गिझर आणि घर गरम ठेवणारा बॉयलर यांचं एका डब्यात लावलेलं लग्न म्हणजे कॉम्बी. नळ सोडला की ज्योत पेटते, वाहतं पाणी वाहता वाहता तापतं. साठवण शून्य. 'गिझर' हा शब्द मुळात आइसलँडच्या उकळत्या कारंज्याचा. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉनं आपल्या पाणी तापवण्याच्या यंत्राला तो दिला. आज इथं बॉयलरला गिझर म्हटलं तर समोरचा गोंधळतो, आणि साताऱ्यात मात्र तो शब्द अगदी ठणठणीत आहे.

आता हिशेब. रेडिंगमध्ये जानेवारीत लाइनचं पाणी साधारण पाच-सहा अंशांवर येतं. आंघोळीला चाळीस हवं. म्हणजे पस्तीस अंशांची चढण. मिनिटाला १० लिटर पाणी एवढं चढवायला सुमारे २४ किलोवॉट लागतात. तुलनेसाठी: घरचा छोटा इन्स्टंट विजेचा गिझर ३ किलोवॉटचा असतो. उलट आमच्या तीन बेडरूमच्या घराचे सगळे रेडिएटर मिळून कडाक्याच्या थंडीतही आठ-नऊ किलोवॉटच्या वर मागत नाहीत. थोडक्यात, कॉम्बीचा दांडगा आकडा घरासाठी नसतो, आंघोळीसाठी असतो. विक्रेता '३५ किलोवॉट' असं ठसक्यात सांगतो तेव्हा आपण घर ऊबदार होईल असं समजतो. प्रत्यक्षात एवढा मोठा बर्नर रेडिएटरसाठी फार मंद करता आला नाही, तर तो सारखा पेटतो-विझतो आणि गॅस खातो.

आणि बर्नर कितीही मोठा घ्या, रस्त्यावरून येणाऱ्या नळीत जेवढं पाणी असेल तेवढंच तो तापवणार. हे मोजायला कुणाला बोलवावं लागत नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. मी स्वयंपाकघरातल्या गार नळाखाली बादली ठेवली. दुपारी दोनला ती ५२ सेकंदांत भरली, मिनिटाला साडेअकरा लिटर. बरं वाटलं. मग सकाळी सव्वासातला, आमच्या आळीतली सगळी घरं एकदम उठतात त्या वेळेला, पुन्हा ठेवली. ७१ सेकंद. साडेआठ लिटर. आमच्या आणि शेजारच्या घराला रस्त्यावरून एकच जुनी नळी येते, हे त्या दिवशी कळलं. इंग्लंडमधल्या पाणी कंपन्यांच्या सेवेचा ठरलेला मापदंड घराच्या हद्दीवर १० मीटर उंचीच्या दाबानं मिनिटाला ९ लिटर एवढाच आहे, तेव्हा तक्रारीलाही फारसा वाव नव्हता.

साडेआठ लिटर म्हणजे एका माणसाची शॉवरखालची बरी आंघोळ. त्याच वेळी खाली कुणी भांडी घासायला गरम नळ सोडला, की वरचा ओरडणार. बंबाचं उलट आहे: आमचा बंब १२० लिटरचा, त्यातलं पाणी दोघं-तिघं एकदम ओढू शकतात, पण संपलं की अर्धा-पाऊण तास टाकीला हात लावून बघत बसायचं. म्हणून किती लिटर यापेक्षा एका वेळी किती जण, हा प्रश्न मोठा. आमच्याकडे मुलाची शाळा, मुलीचं कॉलेज आणि आम्हा दोघांची ट्रेन, सगळं साडेसात ते सव्वाआठमध्ये. त्यात सहा महिने सासू-सासरे. दिवाळीच्या पहाटे तर उटणं लावून रांगच असते. सासूबाईंचा स्वतःचा प्रश्न मात्र कॉम्बीनं चुटकीसरशी सुटला असता: त्यांना लागते वीस लिटरची बादली आणि तांब्या. बादलीआंघोळीच्या घराला कॉम्बी पुरून उरतो. टबात दीडशे लिटर भरणाऱ्याला पंधरा मिनिटं धारेकडे बघत बसावं लागतं.

ज्यांच्याकडे विजेचा शॉवर आहे (इथं पुष्कळांकडे असतो, गार पाणी घेऊन स्वतःच तापवतो), त्यांच्या हिशेबातून एक आंघोळ बाहेरच गेली. त्यांनी माझं ऐकून घाबरू नये.

समोरच्या आजींनी कॉम्बी घेतला, आणि मला वाटतं त्यांनी अगदी योग्य केलं. एकट्या, एक बाथरूम, दिवसाला दहा-बारा लिटर कढत पाणी. त्यांच्या टाकीत रात्रंदिवस शंभर लिटर पाणी निवत पडायचं. आता माळ्यावरची टाकी गेली, तिथला गोठण्या-गळण्याचा धोका गेला, शॉवरला लाइनचा दाब आला. छोट्या फ्लॅटमध्ये तर दुसरा विचारच नको. एवढंच की टॉवेल वाळवायला ऊबदार जागा राहिली नाही, आणि परवा त्या माझ्याकडे एक उशी घेऊन आल्या, कपाटात ठेवायला.

किरकोळ दिसणाऱ्या पण बिलात मोठ्या होणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. मोठ्या कॉम्बीला जुनी १५ मिलिमीटरची गॅसची नळी बहुधा पुरत नाही, २२ची टाकावी लागते, म्हणजे फरशी उखडणं आलं. उघड्या टाकीवर चाललेले चाळीस वर्षांचे रेडिएटर बंदिस्त दाबाखाली आले की कुठंतरी पाझरतात. टेम्सच्या खोऱ्यातलं पाणी चुनखडीचं. आमच्या किटलीत महिन्याभरात पांढरी खपली जमते, तीच कॉम्बीतल्या पाणी तापवणाऱ्या पत्र्यांच्या फटीत जमते आणि धार कोमट होत जाते. आणि बॉयलर बंद पडला तर? बंबात विजेचा हीटर असतो. जानेवारीतले ते नऊ दिवस आम्ही त्याच्यावर आंघोळी केल्या. घर गार होतं, पण पाणी कढत होतं.

निचऱ्याच्या नळीचं दुखणं मात्र कॉम्बी आणि बंबाचा बॉयलर दोघांनाही सारखंच. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा बॉयलर कंडेन्सिंगच असावा लागतो: तो धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरतो आणि उरलेलं पाणी बारीक नळीनं बाहेर सोडतो. ती नळी भिंतीबाहेरून गेली असेल तर कडक थंडीत गोठते, बॉयलर गुळगुळ आवाज करतो आणि बंद पडतो. इथले लोक मग ड्रेसिंग गाउनमध्ये अंगणात उभे राहून नळीवर तांब्यानं कोमट पाणी ओततात. उकळतं ओतू नये, नळी तडकते. आणि वाफेचं पाणी नीट व्हायचं तर रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या आत हवं. बसवणारा पुष्कळदा बॉयलर ७५-८०वर ठेवून जातो. कॉम्बीत साठवण नसल्यानं हा आकडा खाली आणणं सोपं. टाकीतलं पाणी मात्र जंतूंच्या भीतीनं ६० अंशांपर्यंत तापवावंच लागतं. हा एक गुण कॉम्बीच्या पारड्यात प्रामाणिकपणे टाकायला हवा.

गिझर म्हटलं की आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या बातम्या आठवतात. इथला आजचा बॉयलर हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, खोलीतल्या हवेला शिवत नाही. तरी बसवणारा 'गॅस सेफ' या गॅस कारागिरांच्या नोंदवहीतला आहे ना, हे त्याचं कार्ड मागून बघायचं, संकोच न करता. आणि अलार्म लावायचा.

माझा निर्णय शेवटी झाला तो दुसऱ्याच कारणानं. इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपाला (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढून आणणारं यंत्र) सरकार ७,५०० पौंड देतं. आज वीज युनिटमागे गॅसच्या जवळपास चौपट महाग असल्यानं आम्ही थांबलोय, पण हा बॉयलर शेवटचा असं धरून चाललोय. हीट पंपाला साठवणीची टाकी लागतेच. आत्ताचीच चालेल असं नाही, मोठ्या वेटोळ्याची घ्यावी लागेल. पण कपाट आणि त्यातल्या नळ्या शाबूत असल्या तर काम सोपं. आज टाकी काढून तिथं चपलांचं शेल्फ करायचं आणि दहा वर्षांनी पुन्हा टाकीला जागा शोधायची, हे मला पटेना.

तेव्हा नुसता १५ किलोवॉटचा साधा बॉयलर बसवला, बंब ठेवला. बॉयलरवाला हिरमुसला, त्याचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं. बंब आजवर उघडा होता. त्याला आठ सेंटिमीटर जाडीचं, लाल कव्हरातलं जॅकेट आणून बांधलं. फोटो साताऱ्याला पाठवला, तर सासूबाईंचा लगेच फोन.

"बंबाला गोधडी घातलीस?"

"हो आई. वीस पौंडांची."

"आणि पीठ आता फुगतं का?"

कपाट थोडं गार पडलंय. पीठ दोन तास जास्त घेतं.