नवा अभ्यासक्रम कोण मंजूर करतं?

कुलगुरू वर्तमानपत्रात येतात, अधिसभा गाजते. अभ्यास मंडळ मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. मुलांनी तीन वर्षं काय शिकायचं, ते विषयवार नेमलेलं हे छोटं मंडळच ठरवतं. तिथला मसुदा विद्याशाखेकडे जातो. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं अशा चारच विद्याशाखा ठेवल्या आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्या. पुढे विद्या परिषदेचं शिक्कामोर्तब. परिषदेपुढे एकेका बैठकीत इतके अभ्यासक्रम येतात की खरी छाननी व्हायची ती मंडळातच.

आणि मंडळात वाद होतो तो तत्त्वांवर थोडा, तासांवर फार. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या पदवीला 160. बेरीज ठरलेली, म्हणून नवा विषय आत घ्यायचा तर जुन्या कुणाला तरी उठवावं लागतं. तास गेले की शिकवणाऱ्याचा कार्यभार जातो आणि कार्यभार गेला की पद धोक्यात येतं. इतिवृत्तात हे कुणी लिहीत नाही. पण एखाद्या विषयाचं सामाजिक महत्त्व कुणी फारच कळकळीनं सांगू लागलं, की जाणत्या माणसानं आधी कार्यभाराचा तक्ता पाहावा.

पदवीचं नावही मनाचं ठेवता येत नाही. 1956च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या 22व्या कलमानुसार राजपत्रात जाहीर झालेल्या नावांतूनच ते घ्यावं लागतं. म्हणून नवलाईचे विषय बी.एस्सी. किंवा बी.व्होक.चं शेपूट धरून येतात.

एवढं झालं तरी अभ्यासक्रम महाविद्यालयात सुरू होत नाही. त्यासाठी विद्यापीठाचा पंचवार्षिक बृहत् आराखडा, महाविद्यालयाचा अर्ज, समितीची भेट, शासनाची परवानगी अशी निराळीच वाट आहे. समितीला खोल्या आणि पुस्तकं मोजता येतात. शिकवणारा पुढच्या वर्षी टिकेल का, हे मोजता येत नाही. विनाअनुदानित तुकडीत तो बहुधा तासिका तत्त्वावरच असतो.

आत यायला इतक्या पायऱ्या, बाहेर जायला एक पुरते. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या इंग्रजीला रीतसर लावलेली होती. 2010 मध्ये राजकीय विरोध होताच कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरून ती काढली.

माझ्या मते या यंत्रणेत पायऱ्या कमी नाहीत, मागे वळून पाहणं कमी आहे. सुरू झालेल्या अभ्यासक्रमातून किती मुलं मधेच गळाली, हा विषय मंडळापुढे क्वचितच येतो. तोवर पालकांनी झगमगीत नावाला भुलू नये. प्रवेशाआधी श्रेयांकांचा तक्ता मागावा आणि त्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, ते विचारावं.