बेरे : डोक्यावर बसवावी लागणारी टोपी

मराठी भाषेने टोपीची फारशी पत राखलेली नाही. एखाद्याने फसविले तर त्याने 'टोपी घातली', कोणी ऐन वेळी मत बदलले तर त्याने 'टोपी फिरवली' आणि कोणाची थट्टा झाली तर त्याची 'टोपी उडवली', असे आपण म्हणतो. पागोटे, पगडी आणि फेटा यांच्या वाट्याला आलेला मानमरातब टोपीला क्वचितच लाभला. एक टोपी मात्र या नियमाला अपवाद आहे. ती दुकानात मिळते, पण पैसे मोजल्याने ती लगेच आपली होत नाही. ती भिजवावी लागते, डोक्यावर बसवावी लागते आणि सैन्यात तर ती कष्टाने मिळवावी लागते. ही टोपी म्हणजे बेरे.

राष्ट्रीय छात्रसेनेतील मुले तिला 'बेरेट' म्हणतात; मूळ फ्रेंच उच्चार मात्र 'बेरे' असा. आपल्या बँकेच्या ग्राहकांत सैनिकांची कुटुंबे आहेत, निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक आहेत आणि नव्या गणवेशाची पिशवी घेऊन घरी आलेल्या छात्रसैनिकांचे पालकही आहेत. पिशवीतली टोपी पहिल्यांदा डोक्यावर ठेवली की ती एखाद्या थाळीसारखी पसरते, आणि पहिल्या संचलनापूर्वी ती नीट कशी बसणार, हा प्रश्न घरातील सर्वांना पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर, आणि त्यामागची थोडी रंजक हकिगत, वाचकांसाठी येथे देत आहोत.

मेंढपाळांची मिरास

फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वताची रांग आहे. तिच्या उत्तर उतारावरील बेआर्न या प्रदेशातील मेंढपाळ पाऊस, थंडी आणि ऊन यांपासून बचाव करण्यासाठी लोकरीची सपाट गोल टोपी घालीत. पुढे जगाने तिला 'बास्क बेरे' म्हटले, तरी तिचे माहेर बेआर्नच मानले जाते. तेथील ओलोराँ-सेंत-मारी या गावात लोलेर ही पेढी 1840 पासून बेरे तयार करीत आली आहे. सीमेपलीकडे स्पेनच्या बास्क प्रांतातील तोलोसा येथे एलोसेगी या पेढीने 1858 मध्ये हाच उद्योग आरंभिला. बास्क भाषेत बेरेला 'चापेला' म्हणतात आणि विजेत्याला 'चापेल्दुन', म्हणजे शब्दशः 'बेरेधारी'. तेथील स्पर्धांत विजेत्याच्या मस्तकी आजही बेरेच चढविली जाते. आपल्याकडे सत्काराला फेटा बांधतात, तसेच हे.

लोकर आणि सूत : दोन भिन्न स्वभाव

बेरे निवडण्यापूर्वी तिच्या धाग्याचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घर्षण एकत्र आले की हे खवले एकमेकांत गुंततात, विण आटते आणि घट्ट नमदा तयार होतो. बेरेची सारी घडण या गुणावर उभी आहे. प्रथम मेरिनो मेंढीच्या लोकरीची, अंतिम मापापेक्षा कितीतरी मोठी व सैलसर टोपी विणतात. मग साबणाच्या गरम पाण्यात ती मळून आटवितात, रंगवितात, साच्यावर ताणून वाळवितात आणि अखेरीस तिची लव सारखी करतात. माथ्यावरील इवलीशी शेंडी ही शोभेसाठी मुद्दाम लावलेली नसते. विण जेथे संपते तेथील धाग्यांचे ते टोक असते. सैनिकी बेरेवर मात्र ती ठेवीत नाहीत.

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषून घेऊनही हाताला ओली लागत नाही. मेंढपाळांनी ही टोपी का पत्करली, याचे उत्तर यात आहे.

कापसाच्या तंतूला असे खवले नसतात. त्यामुळे सुताचा नमदा होत नाही आणि पाण्याने त्याला कायमचे वळणही लावता येत नाही. सुती बेरे एकतर सुताने विणलेली असते किंवा जाड कापडाचे तुकडे जोडून शिवलेली असते. तिचा आकार शिलाईत किंवा विणीत असतो. मुंबई, मडगाव किंवा चेन्नईच्या दमट हवेत वर्षभर वापरण्यास तीच सोयीची. दिल्ली, भोपाळ, शिलाँग येथील हिवाळ्यात मात्र लोकरीला पर्याय नाही. दोन्ही धाग्यांचे मिश्रण, अथवा कृत्रिम धाग्याची टोपी स्वस्त पडते. पण ती पाण्याने मनाजोगी वळत नाही, हे घेतानाच ध्यानात ठेवावे.

निवड करताना

मापाची फीत कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या किंचित वरून आणि डोक्याच्या मागील फुगीर भागावरून फिरवावी. प्रौढांचे माप बहुधा 54 ते 62 सेंटिमीटरच्या दरम्यान येते. माप दोन आकड्यांच्या मध्ये आले तर सैनिकी घाटाची बेरे थोडी मोठी घ्यावी, कारण तिच्या कडेच्या पट्टीतून नाडी ओवलेली असते आणि ती मागच्या बाजूने आवळता येते. नाडी नसलेल्या साध्या लोकरी बेरेची कड वापराने किंचित सैल होते; म्हणून ती आरंभी अंगाबरोबर बसणारी असावी. मात्र काढल्यावर कपाळावर लाल वळ उमटत असेल तर ती लहान आहे असे समजावे.

टोपी उजेडासमोर धरून पाहावी. चांगल्या नमद्यातून उजेडाचे ठिपके दिसत नाहीत. मुठीत चुरगाळून सोडली असता तिने सुरकुती न धरता पूर्ववत व्हावे. आतील पट्टी चामड्याची आहे की नकली, शिलाई एकसारखी आहे की नाही, हेही पाहावे.

सुती बेरे घरच्या घरी किंवा ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेता येते. 56 सेंटिमीटर मापाच्या डोक्यासाठी 28 सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या बेतून त्यांपैकी एकीच्या मध्यभागी 16 सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडावे. एक सेंटिमीटर शिलाई धरली की ते भोक 18 सेंटिमीटरचे होते आणि त्याचा घेर डोक्याच्या मापाशी जुळतो. दोन्ही चकत्या कडेने जोडून भोकाला पट्टी लावली की टोपी तयार. कापड बेतण्यापूर्वी पाण्यातून काढून घेण्यास मात्र विसरू नये. अन्यथा पहिल्या धुण्यानंतर टोपी धाकट्या भावंडाच्या वाट्याला जाईल.

पाण्याचा संस्कार

आता मुख्य विधी. लोकरीची नवी बेरे कोमट पाण्यात पूर्ण भिजेपर्यंत बुडवून ठेवावी. जुने जवान गरम आणि थंड पाणी आलटून पालटून वापरतात व त्यायोगे जादा कापड आटवितात. पण त्यासाठी हाताला अंदाज हवा. नवशिक्याने उकळते पाणी वापरू नये आणि टोपी चोळू नये, कारण आटलेला नमदा पुन्हा सैल करणे जवळजवळ अशक्य असते. गडद रंगाची टोपी असेल तर पाण्यात रंग उतरतो काय ते पाहावे, आणि जुना पंचा खांद्यावर घ्यावा.

भिजलेली टोपी पिळू नये. पंचात गुंडाळून दाबावी. पाणी ठिबकेनासे झाले की ती डोक्यावर चढवावी. कडेची पट्टी भुवयांच्या सुमारे एक इंच वर व जमिनीला समांतर राहावी. बिल्ल्यामागील ताठ भाग डाव्या डोळ्याच्या वर यावा. मग उजव्या हाताच्या तळव्याने माथ्यावरील कापड उजवीकडे आणि किंचित मागे ओढीत कानाच्या दिशेने खाली बसवावे. बिल्ल्याजवळचा भाग ताठ उभा आणि उजवी बाजू डोक्याला चिकटलेली, असे रूप साधले की त्याच अवस्थेत अर्धा-पाऊण तास टोपी घालून बसावे. नंतर ती अलगद उतरवून, हवा खेळती असेल अशा सावलीत सपाट ठेवून पूर्ण वाळवावी. उन्हात किंवा इस्त्रीखाली वाळवू नये. चामड्याची पट्टी कडक होते.

एका बैठकीत टोपी पूर्ण वळण घेईलच असे नाही. दोन-तीन वेळा हा क्रम केला आणि मध्यंतरी ती रोज थोडा वेळ वापरली, तर ती त्या एका डोक्याची होते. दुसऱ्याची बेरे आपल्याला नीट बसत नाही, ती यामुळेच. वाळल्यावर राहिलेली लव वस्तऱ्याने अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने उतरवावी. नाडीचे माप एकदा पक्के झाले की गाठ मारून तिची टोके आत सारावीत. लोंबणारी नाडी संचलनात उस्तादांच्या नजरेतून सुटत नाही!

सुती बेरेला एवढा खटाटोप लागत नाही. ती एकदा धुवावी, हलकी खळ द्यावी आणि ओलसर असतानाच हव्या त्या बाजूला झुकवून वाळवावी. हे वळण पुढच्या धुण्यापर्यंत टिकते.

नागरी वेषात बेरे घालताना नियमांचा जाच नाही. ती थोडी मागे सरकवावी, एका बाजूला कलती ठेवावी किंवा थंडीत दोन्ही कानांवर ओढून घ्यावी. गोल चेहऱ्याला कलती बेरे शोभते, तर उभट चेहऱ्याला कपाळावर सरळ बसणारी बरी दिसते.

निगा

लोकरी बेरे वारंवार धुण्याची आवश्यकता नसते. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. डाग पडलाच तर थंड पाणी व सौम्य साबण वापरावा. पावसाळ्यात लोकरीला कसर लागण्याचे भय असते. टोपी पूर्ण कोरडी करून, कागदात गुंडाळून, डांबराच्या गोळ्यांसह पेटीत ठेवावी. खिळ्याला टांगू नये. माथ्यावर टोक येते. सैनिकी बेरे खांद्यावरील पट्टीखाली दुमडून ठेवण्याचा प्रघात सोयीचा असला तरी रात्रभर ती तशी ठेवू नये.

रंगांची प्रतिष्ठा

फ्रान्सच्या पर्वतीय सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेरे स्वीकारली. पहिल्या महायुद्धात ती ब्रिटिश रणगाडा दलाच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली आणि 1924 मध्ये त्या दलाने काळी बेरे अधिकृतपणे घेतली. कारण सर्वस्वी व्यावहारिक होते. रणगाड्याच्या अरुंद झडपेतून ये-जा करताना काठाची टोपी अडते, आणि तेलाचे डाग काळ्या रंगावर उठून दिसत नाहीत. भारतीय चिलखती दलाच्या काळ्या बेरेची परंपरा तेथून आली. फ्रेंच सैन्यात बहुतेक दलांची बेरे मात्र डावीकडे झुकते आणि बिल्ला उजवीकडे येतो.

ब्रिटिश छत्रीधारी सैन्याने 1942 मध्ये तपकिरी-लाल अर्थात मरून बेरे धारण केली. भारताच्या पॅराशूट रेजिमेंटचाही रंग तोच. ही रेजिमेंट 1952 मध्ये आजच्या स्वरूपात उभी राहिली आणि मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण तिची दुसरी पलटण झाली. हीच पलटण 11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेशातील टांगाईल येथे आकाशातून उतरली. खडतर परीविक्षा पार पाडल्यावाचून ही मरून बेरे कोणाला लाभत नाही. शीख सैनिक बेरेऐवजी आपापल्या दलाच्या रंगाची पगडी बांधतात. रंगाचा मान तोच राहतो.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची फिकट निळी बेरे सर्वपरिचित आहे. सुएझ संघर्षानंतर 1956 मध्ये पहिली सशस्त्र शांतिसेना पाठविण्याची वेळ आली तेव्हा निळ्या बेरे वेळेत मिळेनात. म्हणून शिरस्त्राणांच्या आतील टोप्यांना निळा रंग फवारण्यात आला. त्या सेनेत भारतीय तुकडीही होती.

टोपीवरचा विश्वास

जी टोपी कष्टाने मिळते, तिच्यावर लोक विश्वास ठेवतात. आणि जेथे विश्वास असतो तेथे भामट्यांची नजर वळते. अलीकडच्या वर्षांत बँकांच्या ग्राहकांना याचा कटू अनुभव येत आहे. जुनी मोटारसायकल किंवा घरातील सामान विकण्याची, अथवा घर भाड्याने देण्याची जाहिरात टाकली की 'मी लष्करात आहे, बदली झाली आहे' असा दूरध्वनी येतो. पाठोपाठ गणवेशातील, बेरे घातलेले छायाचित्र आणि ओळखपत्र मोबाइलवर झळकते. मग पैसे 'पाठविण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकण्यास सांगितले जाते, आणि खात्यात रक्कम येण्याऐवजी खात्यातून निघून जाते.

ग्राहकांनी एक साधे सूत्र ध्यानी ठेवावे : पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. छायाचित्रातील गणवेश म्हणजे ओळखीचा पुरावा नव्हे. फसवणूक झालीच तर संकोच न बाळगता 1930 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर आणि आपल्या शाखेत ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडविता येण्याची शक्यता अधिक. आपण सैनिक आहोत असे भासविण्याच्या हेतूने सैनिकाचा वेष करणे हा कायद्याने अपराध आहे, हेही सर्वांना ठाऊक असावे.

आपल्या अनेक शाखांच्या प्रवेशद्वारी उभे असणारे सुरक्षारक्षक माजी सैनिक असतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या डोक्यावर बेरे दिसली तर ती नीट पाहावी. कड भुवयांवर समांतर, उजवी बाजू डोक्यालगत, नाडी अदृश्य. घरातील छात्रसैनिकाची टोपी अजून थाळीसारखी पसरत असेल, तर येत्या भेटीत त्याला बरोबर घेऊन यावे. पाणी किती कोमट असावे आणि तळव्याचा दाब कुठे द्यावा, हे लेख वाचून जेवढे कळते त्याहून अधिक त्या अनुभवी हातांकडून पाच मिनिटांत शिकता येईल.