कर्नाटकाची मोटार, धाराशिवचा क्रमांक

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून असल्याने बिदर किंवा कलबुर्गी येथे नोंदलेली मोटार घेऊन इकडे स्थायिक होणाऱ्या कुटुंबासमोर परवाना आणि नोंदणी असे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. त्यांपैकी परवान्याचा प्रश्न सोपा आहे, कारण तो देशभर ग्राह्य असल्याने पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, पत्ता तेवढा बदलून घ्यावा.

नोंदणीचे तसे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि धाराशिवसाठी तो ‘एमएच २५’ने सुरू होतो. त्यासाठी मूळ कार्यालयाकडून ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे वाहन अन्यत्र नोंदविण्यास आक्षेप नसल्याची लेखी संमती, नमुना २८ भरून मागावी लागते. मोटारीवर कर्ज असल्यास बँकेची संमतीही जोडावी लागते. या अर्जावरचा नकार ३० दिवसांत कळविला नाही, तर प्रमाणपत्र दिले गेले असे कलम ४८ मानते, ही नागरिकांच्या बाजूची अत्यंत मोलाची तरतूद प्रत्येक वाहनमालकाने लक्षात ठेवावी.

वाहनकर हा राज्याचा विषय असल्याने महाराष्ट्राचा कर, वाहनाचे वय लक्षात घेऊन, नव्याने भरावा लागतो, तर आधी भरलेल्या एकरकमी कराच्या उरलेल्या हिश्श्याचा परतावा जुन्या राज्याकडेच मागावा लागतो. वारंवार बदली होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मात्र २०२१ पासून ‘बीएच’ ही क्रमांकमालिका उपलब्ध आहे, आणि राज्य बदलले तरी तिचा क्रमांक तोच राहतो.